खेळ सगळ्यांचा, तर तवाही सगळ्यांचा



कोजागरी जवळ आली की आपल्या सुरतेतल्या मराठी घरांत दोन गोष्टींची बोलणी सुरू होतात. दूध किती लिटर आणायचे आणि गच्ची कोणाची घ्यायची. आपले भाग्य असे की इथे एका रात्रीवर भागत नाही. आश्विन पौर्णिमेला आपली कोजागरी आणि दुसऱ्याच दिवशी, वद्य प्रतिपदेला, सुरतकरांचा चंदी पडवो. एका रात्री मसाला दूध, दुसऱ्या रात्री घारी आणि भुसू. जागायचे म्हटले की खेळ आलेच. कोजागरीला रात्रभर फासे खेळून जागावे, असे आपल्याकडे पूर्वीपासून सांगितले आहे. फाशांची जागा आता कॅरम, मेंढीकोट, बदाम सात आणि नवा व्यापार यांनी घेतली, इतकाच फरक.

पण आजच्या मुलांचे पोट नुसत्या दुधावर भरत नाही. अकरा वाजले की "काहीतरी गरम हवे" अशी हाक येते, आणि या हाकेचे उत्तर बहुतेक वेळा सँडविच असते. दिसायला विषय लहान आहे. तरीही त्यावर लिहावेसे वाटले, कारण मागच्या कोजागरीला या सँडविचने आम्हांला एक धडा शिकवला.

त्या रात्री गच्चीवर सोळा मुले जमली होती. आम्ही मोठ्यांनी सोयीचा मार्ग काढला. प्रत्येकाकडून दीडशे रुपये घ्यायचे आणि सँडविच बाहेरून मागवायचे. कोणाला भांडी घासायला नकोत, कोणाला गॅसपाशी उभे राहायला नको. पैसे गोळा करताना आठवीतला एक मुलगा म्हणाला, "माझा उपास आहे." कोजागरीचा उपास करणारी घरे आहेत, म्हणून आम्हीही पुढे विचारले नाही. सगळे खात असताना तो एकटाच कॅरमपाशी बसून सोंगट्या लावत राहिला. पुढच्या दोन शनिवारच्या खेळाला तो आलाच नाही. मग कळले की उपास वगैरे काही नव्हता. वडील यंत्रमागावर बारा तासांच्या पाळीत, आई घरी साड्यांना लेस लावते, आणि घरात धाकटी दोन भावंडे. दीडशे रुपये मागायचे कसे, हा प्रश्न त्याने आपल्या परीने सोडवला होता. त्याचे खोटे बोलणे चूक, असे आम्ही म्हणणार नाही. चूक आमची होती. खेळाला तिकीट लावले आम्ही, आणि ते तिकीट आहे हे आमच्या लक्षातही आले नाही.

म्हणून आमचे मत आम्ही स्पष्ट मांडतो. मित्रांच्या खेळाच्या रात्री सँडविच घरीच व्हावे. वर्गणी काढू नये, ज्याच्या घरी जे असेल ते त्याने आणावे. आणि ते भाजायचे काम एकट्या आईचे नसावे, खेळणाऱ्यांनीच आळीपाळीने करावे.

गंमत अशी की सँडविच हा पदार्थच मुळी खेळाच्या टेबलावर प्रसिद्धीला आला, असे सांगतात. ग्रोस्ले नावाचे एक फ्रेंच प्रवासी 1765 साली लंडनला गेले होते. त्यांनी लिहून ठेवले आहे की तिथला एक मंत्री चोवीस तास जुगाराच्या टेबलावरून उठला नाही. भाजलेल्या पावाच्या दोन कापांमध्ये मांसाचा तुकडा, एवढेच तो खेळता खेळता खात राहिला, आणि त्या पदार्थाला त्याचेच नाव पडले. हा मंत्री म्हणजे सँडविचचे चौथे अर्ल जॉन माँटेग्यू, असे मानतात. त्यांचे चरित्रकार मात्र म्हणतात की अर्ल कामसू होते, तो पाव त्यांनी कचेरीच्या मेजावर खाल्ला असण्याचा संभव जास्त. खरे काहीही असो. गोष्टीत मंत्र्याचे नाव राहिले, पदार्थाचे राहिले, लिहिणाऱ्याचेही राहिले. रात्रभर तो पाव भाजून देणारा कोण होता, हे मात्र कोणी लिहिले नाही.

आपल्या घरातही तसेच होत नाही का? बाहेर डाव रंगतो, राणी कोणी घेतली यावर भांडण होते, आणि आतून तव्याचा आवाज येत राहतो. "आई, अजून दोन!" एवढेच तिच्या वाट्याला. मुलांना वाटते घरी मजा झाली. आईला विचारा, तिने एक तरी डाव पाहिला का?

नाताळच्या सुट्टीत आम्ही चार घरांनी वेगळा प्रयोग केला. बारा मुले, प्रत्येकी दोन सँडविच, म्हणजे पावाचे 48 काप. दोन किलो बटाटे, सुमारे 400 ग्रॅम लोणी, शिवाय काकडी, टोमॅटो, कांदे. हे सगळे घराघरांत वाटून दिले. कोणी फक्त कोथिंबीर आणि मिरच्या आणायच्या, कोणी दोन उकडलेले बटाटे, कोणी शेव. सुरतेत वरून शेव नसेल तर सँडविचला सँडविच म्हणत नाहीत! ज्या मुलाची गोष्ट वर सांगितली, तोही आला. त्याच्या मामाकडून खानदेशातून भरताची वांगी आली होती. आईने ती भाजून, मिरची, लसूण, कांद्याची पात आणि शेंगदाणे घालून भरीत दिले होते. जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे आम्हांला ठाऊक होते. पण भरीत दोन कापांमध्ये घालून खरपूस भाजले तर काय लागते, ते त्या रात्रीच कळले. पहिला डबा तोच रिकामा झाला. तापीच्या वरच्या अंगाचे भरीत आणि खालच्या अंगाचा पाव, असे कोणीतरी म्हणाले, ते आम्हांला पटले.

कामाच्या पाळ्या अशा लावल्या. चौघे कॅरमवर, चौघे मेंढीकोटावर, दोघे चटणी-लोणी लावायला, दोघे तव्यापाशी. जिंकलेली जोडी तव्यापाशी जायची, हरलेली पुन्हा खेळायची. हे मुद्दाम केले. हरणाऱ्याला स्वयंपाकघरात पाठवले तर स्वयंपाक ही शिक्षा होते, आणि मुलांच्या मनात तेच बसते. दुसऱ्या फेरीत एका मुलाच्या आईने आणि आजीने मिळून मेंढीकोटात चारही मेंढ्या पकडल्या. आजी एवढ्या चांगल्या खेळतात हे त्यांच्या नातवालाही माहीत नव्हते.

सगळे सुरळीत झाले असे नाही. पहिली चार सँडविचे करपली, कारण आच मोठी ठेवली होती. मोठ्या आचेवर लोणी जळते, पाव काळा होतो आणि आत बटाटा थंडच राहतो. मध्यम आचेवर, वरून पाण्याचे सपाट पातेले ठेवून, एका बाजूला साधारण दोन मिनिटे, एवढे पुरते. आणखी दोन गोष्टी कळल्या. पावाला आतून लोणी लावून मगच चटणी लावावी. लोण्याच्या थरामुळे चटणीचे पाणी पावात मुरत नाही. आणि काकडी-टोमॅटोवर मीठ अगदी शेवटी घालावे, नाहीतर त्यांना पाणी सुटून सँडविच ओले होते. चटणी हिरवीगार राहावी म्हणून वाटतानाच लिंबू पिळले होते. ही युक्ती सहावीतल्या एका मुलीची.

आता आक्षेपांकडे वळू. काही पालक म्हणतील, पाव आपला नाही, मैद्याचा आहे. मैदा रोज खाऊ नये हे खरेच, म्हणून गव्हाचा पाव आणावा आणि काकडी, बीट, भरीत भरपूर घालावे. पण सुरतेला पाव परका म्हणणे अवघड आहे. इथल्या डच वखारीच्या काळापासून पावाची भट्टी गावाला माहीत आहे. डचांकडे काम केलेल्या पारशी मंडळींनी ती कला चालू ठेवली, आणि त्यातूनच 1861 साली नानपुऱ्यात दोतीवाला यांची बेकरी उभी राहिली, असे सांगतात. त्यांची नानखटाई आपण सगळेच खात आलो आहोत.

दुसरा आक्षेप महत्त्वाचा. आपल्या मुलांचे मित्र सगळ्या घरांतले आहेत. जैन मित्र कंदमुळे खात नाही, म्हणजे बटाटा, कांदा, लसूण, बीट, आले चालत नाही. तर त्याच्यासाठी उकडलेले कच्चे केळे घ्यावे, चटणी लसूण-आल्याशिवाय वाटावी, सुरी आणि तवा वेगळा ठेवावा. काही जैन घरांत सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. मग पहिला तवा दिवस असतानाच चढवावा, त्यात काय बिघडले? बाहेरून मागवलेल्या खोक्यात हे कोण पाहणार? घरच्या सँडविचमध्ये ज्याला जे चालत नाही ते सहज वगळता येते, आणि तरीही तो त्याच पंगतीत बसतो. आम्हांला या पदार्थाचा हा गुण सगळ्यांत मोठा वाटतो.

तिसरा आक्षेप सुरक्षिततेचा. गॅसपाशी एक मोठे माणूस हवेच, सैल ओढण्या आणि लांब बाह्या नकोत, आणि सहावीच्या खालच्या मुलांनी तव्याऐवजी लोणी-चटणी सांभाळावी. आणखी एक सूचना. कॅरमची बोरिक पावडर पोटात जाण्याची वस्तू नाही. म्हणून खेळता खेळता खायचे नाही. डाव थांबवायचा, साबणाने हात धुवायचे, मग खायचे. लोण्याचे बोट लागले की कॅरमचा पट खराब होतो, हेही आहेच. सँडविचच्या अर्लना उठायचे नव्हते. आपल्याला उठायला काय हरकत आहे? उठले की तव्याजवळ कोण उभे आहे ते तरी दिसते.

विश्वस्त मंडळींना एक विनंती. शाळेच्या कोजागरीच्या कार्यक्रमात खाण्यासाठी वर्गणी काढू नये. सभागृहाशेजारी दोन शेगड्या आणि चार तवे मिळाले तर उरलेले आम्ही शिक्षक आणि पालक मिळून पाहू.

पालकांना विनंती, मुलग्यांनाही तव्यापाशी उभे करा. पहिला डबा करपेल, तो हसून खा.

आणि मुलांनो, तुमच्यापैकी कोणी "माझा उपास आहे" असे म्हणाला, तर त्याला चिडवू नका आणि खोदून विचारूही नका. पुढच्या वेळी त्याला एवढेच सांगा, "येताना घरून चार मिरच्या आण, चटणी तू वाटायचीस." तो नक्की येईल. आमच्याकडचा आला होता.