पाळणे थांबल्यानंतरची जमीन

गोराईच्या खाडीपलीकडे 1989 मध्ये 'एस्सेल वर्ल्ड' सुरू झाले, तेव्हा मुंबईच्या शाळांच्या सहलींपुढे लोणावळ्याला एक तुल्यबळ प्रतिस्पर्धी उभा राहिला. 2022 मध्ये तेथील पाळणे थांबले. शेजारचे जलक्रीडा उद्यान आणि विपश्यनेचा पॅगोडा आहेत. पण ज्या नावाने हे बेट सर्वांच्या परिचयाचे झाले ते क्रीडास्थान आता आठवणीपुरते उरले आहे. एका व्यवसायाचे आयुष्य संपले, असे म्हणून हा विषय मिटवता येणार नाही. घाटमाथ्यावर बसलेल्या मावळ तालुक्याला तर मुळीच नाही.

कारण पाळणा दरवर्षी झिजतो, जमीन झिजत नाही. हिशेबाच्या वहीत यंत्रांवर घसारा लावला जातो. त्याच काळात खालच्या जमिनीचे मोल वाढत असते. तिकिटांच्या उत्पन्नातून भांडवल वसूल झाले वा न झाले, तरी तीस-पस्तीस वर्षांनी मालकाच्या हाती मूळ उद्योगापेक्षा मोलाची वस्तू उरू शकते. ती त्याच्या कर्तबगारीची कमाई नव्हे. रस्ते, पूल, वाढते शहर आणि भोवतालच्या गावांनी न तोडलेली तिवरे यांनी मिळून ते मोल घडवलेले असते.

गोराई, मनोरी, उत्तन येथील कोळी आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती शेतकऱ्यांना हे अर्थशास्त्र कोणी शिकवावे लागले नाही. या शतकाच्या पहिल्या दशकात बेटावर पर्यटनाचे विशेष आर्थिक क्षेत्र करण्याची योजना पुढे आली, तेव्हा त्यांनी तिला संघटित विरोध केला. पाळणे फिरत होते तेव्हाच त्यांनी पुढचा धोका ओळखला होता. त्यांच्या बाजूने दोन कायदेशीर आधार पुढे उभे राहिले : 1991 ची किनारपट्टी नियमन अधिसूचना आणि तिवरांच्या तोडीस मनाई करणारा उच्च न्यायालयाचा 2005 चा आदेश. दोन्ही उद्यान सुरू झाल्यानंतरचे. उद्यान बंद पडेल तेव्हा त्या जागेचे काय व्हावे, याची तरतूद आरंभीच झाली असती तर लोकांना तिवरांच्या आडोशाने लढावे लागले नसते.

महालक्ष्मीच्या शर्यतीच्या मैदानाशी तुलना केली की हा फरक स्पष्ट होतो. त्या 211 एकरांचा 99 वर्षांचा भाडेपट्टा 2013 मध्ये संपला. तेथे 'थीम पार्क' करण्याची कल्पना निघाली, नागरिकांनी विरोध केला, दहा वर्षांहून अधिक काळ वाद चालला आणि अखेर 2024 मध्ये 120 एकर सार्वजनिक उद्यानासाठी महापालिकेकडे देण्याचे ठरले. ही तडजोड चांगली की वाईट यावर मतभेद आहेत. परंतु मालकी सार्वजनिक होती आणि पट्ट्याला मुदत होती, म्हणूनच जनतेला प्रश्न विचारण्याची संधी मिळाली. असा दिवस गोराईच्या पंचांगात नाही.

घाट उतरताच खोपोलीजवळ 2013 मध्ये उघडलेले 'इमॅजिका' आहे. कर्जाच्या भाराने ते वाकले आणि 2022 मध्ये त्याची सूत्रे संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेली. पाळणे फिरत राहिले ही चांगली गोष्ट झाली. पण धनको आणि नवा मालक यांच्यातल्या अशा व्यवहारात भोवतालची गावे पक्षकार नसतात, हेही त्याबरोबर ध्यानात घेतले पाहिजे.

मावळच्या इतिहासाला हे नवे नाही. 1921 च्या मुळशी सत्याग्रहात सेनापती बापट आणि त्यांचे सहकारी धरणाविरुद्ध उभे राहिले. त्या खोऱ्यातील पुष्कळ जमीन पुण्याच्या सावकारांकडे गेलेली होती. मोबदल्याचा पैसा कागदावर नाव असलेल्याकडे जातो, हा धडा कुळांनी तेव्हा घेतला. नांगर धरणारा मावळा त्या वाटणीत मागेच राहिला.

कायद्याला ही अडचण अगदी ठाऊक नाही असेही नाही. कुळकायद्यात 1994 च्या दुरुस्तीने बिगरशेतकऱ्याला उद्योगासाठी शेतजमीन घेण्याची मोकळीक मिळाली; त्याचबरोबर ठरावीक मुदतीत तो वापर सुरू झाला नाही तर मूळ विक्रेत्याला मूळ किमतीत जमीन परत घेण्याचा हक्कही ठेवण्यात आला. मुदत पुढे वाढवली गेली, अटी सैल झाल्या, ती गोष्ट वेगळी. तत्त्व योग्य होते. मात्र ते सुरूच न झालेल्या वापरापुरते आहे. सुरू होऊन बंद पडलेल्या उद्योगाचे काय? खरी गरज या दुसऱ्या प्रकारच्या तरतुदीची आहे.

लोणावळ्यात हा प्रश्न आज विचारता येतो, कारण येथे अजून बरेच काही कागदावर आहे. कुरवंड्याजवळच्या टायगर पॉइंट आणि लायन्स पॉइंट येथे काचेचा 'स्कायवॉक' करण्यासाठी 333 कोटी 56 लाख रुपयांचा प्रकल्प राज्य सरकारने 2024 च्या अर्थसंकल्पात जाहीर केला. दरीच्या तोंडाशी भजी आणि भाजलेली कणसे विकून संसार चालवणारी कुटुंबे त्या आराखड्यात कोठे बसतात? 30 जून 2024 रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, आणि त्यानंतर कारवाईचा पहिला तडाखा टपऱ्यांना बसला. हे धरण मुळात रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना पाणी पुरवण्यासाठी बांधलेले. इंजिने गेली, धरण राहिले, आणि पुढच्या वापराचा विचार कोणी केलाच नाही. गर्दीने तो आपल्या परीने ठरवला.

तेव्हा कुरवंड्याच्या ग्रामसभेने आणि लोणावळा नगरपरिषदेने निविदेआधीच काही गोष्टी लेखी मागाव्यात. जागा विकत न देता मुदतीच्या पट्ट्याने द्यावी. व्यवसाय बंद पडल्यास ती मोकळी जागा म्हणूनच परत यावी, आणि लोखंड-काच उतरवण्याचा खर्च ठेकेदाराने आरंभीच अनामत ठेवावा. वाहनतळाच्या उत्पन्नात गावाचा वाटा असावा. या अटी घातल्या तर गुंतवणूकदार फिरकणार नाहीत, असा आक्षेप घेतला जाईल. तिकिटांच्या उत्पन्नावर विसंबून येणारा गुंतवणूकदार या अटींनी बिचकण्याचे कारण नाही. जमिनीच्या भाववाढीवर डोळा ठेवून येणारा बिचकेल, आणि त्याची ओळख करारावर सही होण्यापूर्वीच पटेल.