एक्स्प्लेनर : नोंद आहे, पण शोधात येत नाही, असं का?

रेणापूर तालुक्यातल्या एखाद्या कुटुंबाला पणजोबांची कुणबी नोंद हवी आहे. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमल्यानंतर निजामकालीन मोडी, उर्दू कागद धुंडाळले गेले, स्कॅनही झाले. पण स्कॅन म्हणजे फोटो. त्यातलं नाव संगणकाला आपोआप शोधता येत नाही.

सर्च इंजिन पुस्तकामागच्या शब्दसूचीसारखं चालतं. कोणता शब्द कोणत्या दस्तऐवजात आहे, याची यादी ते आधीच करून ठेवतं. त्यामुळे संपूर्ण रजिस्टर एकच दस्तऐवज ठेवलं, तर एका पानावरचं नाव आणि दुसऱ्या पानावरचं गाव जुळून भलताच निकाल येतो. म्हणून प्रत्येक नोंद स्वतंत्र हवी. नाव, वडील, गाव, वर्ष असे रकाने वेगळे हवेत.

जिल्ह्याचे तर दोन रकाने लागतील : तेव्हाचा आणि आताचा. लातूर जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ रोजी उस्मानाबादमधून वेगळा झाला. उदगीर, अहमदपूर तर १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते. जुन्या कागदावर ‘जिल्हा लातूर’ सापडणार कसा?

शोधतानाही तारतम्य हवं. गाव यादीतून निवडावं, वर्षाला मर्यादा घालावी; नावाला मात्र सूट द्यावी. ‘विठोबा’ कुठे ‘इठोबा’ही लिहिलेला असतो.

किती पानं स्कॅन केली, हा आकडा पुरेसा नाही. नोंद घरबसल्या सापडते का, हे मोजा. नाहीतर कागद संगणकात जाईल आणि माणूस तहसीलच्या पायऱ्यांवरच राहील.