प्रोजेक्ट कुणाचा?

सायन्स फेअरच्या आदल्या रात्री बोर्डवर अक्षरं कोण चिकटवत होतं, खरं सांगा! मीही त्यातलाच. लेकीने १ मीटर दोरीचा लंबक केला, १० पूर्ण झोके मोजले, आले १८ सेकंद. यायला हवे २०. मी गुपचूप २० लिहिलं. "मग मी मोजलं कशाला?" म्हणाली. लंबक सोडतानाच ती 'एक' म्हणाली होती, म्हणजे झोके झाले ९च! हे तिने शोधायचं होतं. ती संधी मीच खाल्ली.

अरविंद गुप्तांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबमधून पोरांना भूमिती शिकवली. आपण महागडं किट आणतो, वर जोडतोही आपणच (बक्षिसासाठी!). यंदा हात खिशात ठेवा. बोर्ड वाकडा झाला तर होऊ द्या.