गोळीचा गजर आणि जेवणाची चौकशी

पहाटे व्हॉट्सॲपवर उमटणाऱ्या फुलांच्या आणि सुविचारांच्या चित्रांची तरुण मंडळी थट्टा करतात. २०१८ च्या जानेवारीत तर अशा चित्रांनी भारतीयांचे फोन भरून जातात, असे गूगलच्या अभ्यासकांना आढळल्याची बातमी गाजली होती. मला मात्र त्या चित्रांविषयी आदर आहे. आमच्या हर्सूल-जटवाडा रस्ता परिसरातील कित्येक घरांत आता ज्येष्ठ दांपत्यच उरले आहे. त्यांचे सकाळचे चित्र आले, की पुण्यातला मुलगा निश्चिंत होतो. ती एक प्रकारची हजेरीच. मात्र हजेरी म्हणजे प्रकृतीची खबर नव्हे.

अलीकडे मुलांनीही आपला भार यंत्रावर सोपविला आहे. 'आई, शुगरची गोळी घे' हा संदेश ठरल्या वेळी आपोआप जातो, आईकडून अंगठ्याचे चित्र येते आणि संभाषण संपते. आठवण देण्याच्या कामी यंत्र माणसाहून सरस आहे, हे मान्यच. तपासणीची तारीख, उपाशीपोटी रक्त देण्याची सूचना, संपत आलेली औषधे यांसाठी कोणी फोन करून शिणू नये. ज्यांना ऐकू कमी येते, त्यांना तर लिहिलेला संदेशच बरा.

परंतु आषाढी एकादशीचा दिवस घ्या. सकाळी आठला नेहमीचा संदेश येतो. आजींनी केवळ चहा घेतलेला असतो. तरी त्या निमूटपणे गोळी घेतात. ग्लिमेपिराइडसारखी गोळी पोटात अन्न नसले तरी शरीराला इन्सुलिन सोडावयास लावते. थोड्या वेळाने घाम फुटतो, हात थरथरतात. वृद्धांमध्ये कित्येकदा एवढीही लक्षणे दिसत नाहीत; नुसते असंबद्ध बोलणे, चिडचिड किंवा गुंगी असते आणि घरचे 'वय झाले' म्हणून सोडून देतात. ताप, उलट्या यांमुळे जेवण चुकले तरी हाच धोका. संदेशाला यातले काहीच ठाऊक नसते.

साखर ७० च्या खाली असेल आणि रुग्ण शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा मोजावी, नंतर खायला द्यावे. या गोळ्यांमुळे साखर काही तासांनी पुन्हा उतरू शकते, म्हणून डॉक्टरांना कळवावेच. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये. १०८ ला फोन करावा.

'गोळी घेतलीस का?' या प्रश्नाला बहुतेक आया 'हो' म्हणतात. (वडील तर प्रश्न संपण्याआधीच म्हणतात!) त्याऐवजी 'आज काय जेवलीस?', 'रात्री किती वेळा उठलीस?' असे विचारा. उत्तर देताना लागलेली धाप, अडखळलेला शब्द अंगठ्याच्या चित्रात दिसत नाही; फोनवर लगेच कळतो. व्हिडिओ कॉलवर पावलेही दाखवायला सांगा, सूज दिसेल. जीभ एकाएकी जड झाली किंवा तोंड वाकडे दिसले, तर उद्याची वाट पाहू नका. तत्काळ रुग्णालय गाठायला लावा.

ज्येष्ठांनो, जेवण झाले नसेल तर अंगठ्याऐवजी 'अजून जेवले नाही' एवढे लिहा. उपवासाच्या दोन दिवस आधी गोळीच्या मात्रेविषयी आपल्या डॉक्टरांना विचारा. मनाने बंद करू नका. आणि मुलांनो, त्या दिवसापुरता शुगरच्या गोळीचा आपोआप जाणारा संदेश थांबवा व आठ वाजता स्वतः फोन करा.