जुन्या गोव्यात दोन दिवस

जोडून सुटी आली की आपल्या बेळगावची मंडळी घाट उतरून गोव्याला जातात. देवदर्शन होते, समुद्रस्नान होते आणि जुने गोवे वाटेवरच्या दोन तासांत आटोपते. उभयतांना निवांत हिंडायचे असेल, तर या नगरीला पुरते दोन दिवस द्यावेत, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. मुक्काम पणजीत करावा. तेथून मांडवीच्या काठाने रायबंदरमार्गे अर्ध्या तासात पोहोचता येते. संग्रहालय शुक्रवारी बंद असते, म्हणून शनिवार-रविवारच सोयीचा.

गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघे गेलो, तेव्हा पहिली दुपार 'से कॅथेड्रल'मध्येच घालवली. 25 नोव्हेंबर 1510 रोजी, संत कॅथेरिनच्या सणादिवशी, आल्बुकर्कने आदिलशाहीकडून हे शहर जिंकले; म्हणून हे मंदिर तिच्या नावाने उभारले. 1562 मध्ये आरंभ झाला आणि 1619 पर्यंत काम चालले. लांबी सुमारे 76 मीटर. दोन मनोऱ्यांपैकी एक 1776 मध्ये कोसळला, तो पुन्हा बांधलाच गेला नाही. उरलेल्या मनोऱ्यात गोव्यातली सर्वांत मोठी घंटा आहे. समोरच्या बॉम जीझसमध्ये संत झेवियरचे अवशेष ज्या चांदीच्या पेटीत आहेत, ती सतराव्या शतकात गोव्याच्याच कारागिरांनी घडविली. ह्यांनी त्या नक्षीपुढे इतका वेळ काढला, की मागच्या सहलीतली मुले येऊन निघूनही गेली!

कॅथेड्रलपुढच्या चौकात उभे राहिले म्हणजे मन थोडे जड होते. 1560 मध्ये गोव्यात आलेल्या इन्क्विझिशनचा वाडा येथेच होता. ते धर्मन्यायालय 1812 मध्ये कायमचे उठले. आज वाड्याची एक भिंतही दिसत नाही. 1684 मध्ये तर येथल्या सरकारने लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे, असा हुकूम काढला. मुदत तीन वर्षांची! पुढे साथीच्या रोगांनी शहरच ओस पडत गेले आणि 1843 मध्ये राजधानीचा मान पणजीकडे गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढण्याआधी टेकडीवर जावे. संत ऑगस्टीनच्या मठाचा जांभ्या दगडाचा मनोरा तेथे अर्धाच उभा आहे. 1602 मध्ये बांधलेला हा मनोरा सुमारे 46 मीटर उंच आहे. 1835 मध्ये मठ ओस पडला, 1842 मध्ये छत खचले, 1931 मध्ये दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा ढासळला. घंटा मात्र वाचली. ती पणजीच्या मोठ्या चर्चमध्ये नेली; तिचा आवाज परतताना ऐकावा. खालच्या संग्रहालयात पोर्तुगीज गव्हर्नरांच्या तसबिरी ओळीने लावल्या आहेत आणि त्यांच्याच शेजारी कदंबकालीन मूर्ती व वीरगळ आहेत.

या भग्न नगरीत मराठी माणसाने एका ग्रंथाची आठवण अवश्य ठेवावी. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट 1579 मध्ये गोव्यात आले. येथली भाषा त्यांनी इतकी आत्मसात केली, की ख्रिस्ताची कथा त्यांनी मराठी ओवीत रचली. 'ख्रिस्तपुराण' 1616 मध्ये गोव्यात छापले गेले. पुढेही त्याच्या दोन आवृत्त्या निघाल्या. त्या जुन्या आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज हाती नाही. तरीही ग्रंथ टिकला, कारण श्रद्धाळू कुटुंबांनी तो हाताने उतरून घेतला आणि पिढ्यान्‌पिढ्या वाचला. त्या हस्तलिखितांवरूनच 1907 मध्ये मंगळूरला तो पुन्हा छापता आला.

मठाच्या पायरीवर बसून आम्ही दोघे याविषयी बराच वेळ बोललो. आपणही पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर नांदणारी माणसे. आमची नात दूरध्वनीवर मराठी बोलते, परंतु वाचीत नाही. तिच्या शाळेत ती भाषाच नाही. हे म्हणाले, "शाळेच्या नावाने किती दिवस बोटे मोडायची? तुला आईच्या जात्यावरच्या ओव्या येतात ना? त्या तुझ्यानंतर कुणाला येणार?"

सासूबाईंच्या तीसेक ओव्या मला पाठ आहेत. त्यांतल्या बावीस आजवर दोनरेघी वहीत उतरल्या आहेत, अक्षर मुद्दाम मोठे काढून. येत्या दिवाळीत नात येईल, तेव्हा रोज एक तिने वाचायची आणि मी म्हणून दाखवायची, असा बेत आहे.