दुर्बीण घरात आली, आता पुढे काय?

साठवलेल्या ईदीतून किंवा दहावीच्या निकालाचे बक्षीस म्हणून मुलांना दुर्बीण घेऊन देणारी घरे आता आपल्यात दिसू लागली आहेत. आनंदाची गोष्ट आहे. पण आम्ही शिक्षक मंडळी पुढचेही पाहतो. पहिल्या आठवड्यात सगळे घर गच्चीवर, दुसऱ्या आठवड्यात एकटे मूल, आणि महिन्याभरात दुर्बीण कपाटाच्या डोक्यावर. "सर, काहीच दिसत नाही," असे मूल सांगते. अब्बा म्हणतात, पैसे पाण्यात गेले. पैशाचे एक वेळ सोडा, पण "हे आपल्याला जमण्यासारखे नाही" असे मुलाच्या मनात बसते, ते नुकसान मोठे. बहुतेक वेळा सुरुवात कशी करायची हेच कोणी सांगितलेले नसते.

ज्यांनी अजून घेतलेली नाही, त्यांनी महिनाभर थांबावे. मुलाला रोज रात्री दहा मिनिटे नुसत्या डोळ्यांनी आकाश पाहू द्यावे आणि चंद्र कुठे दिसला ते वहीत लिहायला सांगावे. तीसपैकी दहा-बारा रात्री ते आपणहून गच्चीवर गेले, तर खुशाल दुर्बीण घ्यावी.

दुकानात गेल्यावर खोक्यावरच्या मोठ्या आकड्याला भुलू नये. "५२५ पट" असे छापलेले असते. हा आकडा येतो कुठून? समजा भिंगाचे नाभीय अंतर ७०० मि.मी. आहे. त्याला नेत्रिकेच्या नाभीय अंतराने भागले की किती पट मोठे दिसेल ते कळते. २५ मि.मी.ची नेत्रिका लावली तर २८ पट, १० मि.मी.ची लावली तर ७० पट. ४ मि.मी.ची लावून वर तिप्पट करणारे बार्लो भिंग जोडले की झाले ५२५! गणित बरोबर आहे, पण दिसते काय? अंधूक, थरथरणारा डाग. पुढच्या भिंगाचा व्यास जितके मि.मी., त्याच्या साधारण दुप्पट पटींपर्यंतच चित्र कामाचे राहते. म्हणजे ७० मि.मी.च्या दुर्बिणीला १४० पट ही हद्द झाली. म्हणून आधी भिंगाचा व्यास विचारावा, मग तिपाई हलवून पाहावी. तिपाई डगमगली तर उत्तम भिंगही वाया जाते.

पहिला धडा रात्री नको, दिवसा घ्यावा. सूर्याच्या विरुद्ध दिशेचा लांबचा विजेचा खांब किंवा मिनाराचे टोक मोठ्या नळीतून मध्यभागी आणावे. मग वरच्या छोट्या शोधक दुर्बिणीचे स्क्रू फिरवून तेच टोक तिच्याही मध्यभागी आणावे. ही जुळणी केली नसेल, तर रात्री आकाशात काहीही सापडणार नाही. चित्र उलटे दिसले तर घाबरू नये, आकाश पाहताना त्याने काही बिघडत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे. दुर्बिणीतून सूर्याकडे क्षणभरही पाहू नये. डोळा कायमचा जाऊ शकतो, आणि तेव्हा दुखतही नाही. काही स्वस्त दुर्बिणींसोबत नेत्रिकेवर बसवायची काळी काच येते. ती उन्हाने तापून तडकू शकते, ती फेकून द्यावी. चांद पाहण्याच्या दिवशी मुलांना फार घाई असते, म्हणून घरात एकच नियम ठेवावा: मगरिबची अजान झाल्याशिवाय दुर्बीण पश्चिमेकडे वळवायची नाही.

रात्रीची सुरुवात चंद्रापासून करावी, पण चौदहवीच्या चंद्रापासून नको. त्या रात्री ऊन समोरून पडते, सावल्या नसतात, सगळे सपाट दिसते. आपल्या घरात हिजरी कॅलेंडर असतेच. चांदाची पाचवी ते नववी तारीख निवडावी. २५ मि.मी.ची नेत्रिका लावून उजेड आणि अंधार यांच्या सीमारेषेवर पाहावे. तिथे विवरांच्या कडा उजळलेल्या आणि तळ काळे दिसतात. आठव्या-नवव्या तारखेला चंद्राच्या मध्यभागाजवळ तीन मोठी विवरे एका ओळीत दिसतात: टॉलेमी, अल्फॉन्सस आणि आर्झाकेल. यातले आर्झाकेल म्हणजे अकराव्या शतकात अंदलूसच्या तुलैतुला, म्हणजे आजच्या टोलेडो, शहरात काम केलेले खगोलशास्त्रज्ञ अझ्-झर्काली. हे विवर सुमारे शंभर किलोमीटर रुंद आहे आणि ७० मि.मी.च्या दुर्बिणीतून सहज दिसते.

चंद्र ओळखीचा झाला की ग्रहांकडे वळावे. गुरूच्या शेजारी चार बारीक ठिपके एका रेषेत दिसतील. १६१० मध्ये गॅलिलिओने ते पाहिले, तेव्हा त्याची दुर्बीण सुमारे वीस पटींची होती. तुमची २८ पटींची आहे! दुसऱ्या रात्री ठिपक्यांची जागा बदललेली असते, ती वहीत काढून ठेवावी. शनीच्या कड्यासाठी १० मि.मी.ची नेत्रिका लावावी. पृथ्वी फिरत असल्यामुळे ग्रह दोन-तीन मिनिटांत नजरेबाहेर सरकतो, तेव्हा नळी हळूच पुढे न्यावी.

तारे मात्र कितीही मोठे केले तरी ठिपकेच राहतात, हे मुलांना आधीच सांगावे. हिवाळ्यात कृत्तिका पाहाव्या. अरबीत यांचेच नाव सुरैया. डोळ्यांना सहा-सात तारे दिसतात, दुर्बिणीतून कितीतरी. त्यांच्या मागून येणारी तांबूस रोहिणी म्हणजे अल्-दबरान. या नावाचा अर्थच "मागून येणारा".

पावसाळ्यात दुर्बीण पिशवीत भरून विसरू नये. कोकणातल्या दमट हवेत भिंगावर बुरशी धरते. कोरड्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवावी आणि भिंग ओढणीने किंवा रुमालाने घासू नये.

शेवटी घरातल्या मोठ्यांना एक विनंती. दुर्बीण मुलाची आणि मुलगी फक्त चहा आणून देणार, असे होऊ देऊ नका. रात्री गच्चीवर मुलीला एकटे पाठवायचे नसेल तर अम्मीने, अब्बांनी सोबत जावे. शेजारच्या मुलांनाही रांगेत उभे करावे. पुढची वाट विचारायची तर पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी लोकांसाठी काम करते आणि मुंबईत खगोल मंडळ आहे. पण त्याआधी कपाटावरची ती दुर्बीण खाली काढा, धूळ झटका आणि कॅलेंडरवर चांदाची पाचवी तारीख शोधा.