तपोवनातले वन



आमच्या नाशिकची स्तुती बहुतेक वेळा हवेपासून सुरू होते. मुंबईचा पाहुणा गाडीतून उतरला की छाती भरून श्वास घेतो आणि म्हणतो, काय हवा आहे हो तुमची! पुण्याचा असला तर "पूर्वी आमच्याकडेही अशीच होती" अशी पुस्ती जोडतो. घरे बांधून विकणाऱ्यांच्या फलकावर थंड हवा, द्राक्षाचा घड आणि रामकुंड अशी तिन्ही एकाच रांगेत बसवलेली असतात. आपण कीर्तनकार मंडळीही यात मागे नाही. नाशिकात सप्ताह लागला की पहिली पाच-दहा मिनिटे क्षेत्रमाहात्म्याची. दक्षिणगंगा, पंचवटी, रामरायांच्या चरणांनी पावन झालेली भूमी, असे म्हणायचे, टाळकऱ्यांनी विठ्ठल विठ्ठल करायचे आणि मग अभंगाला हात घालायचा. पन्नास वर्षे मीही हेच म्हणत आलो, आणि त्यातला एक शब्दही मी मागे घेत नाही.

माझे भांडण वेगळे आहे. ज्या हवेची आपण तोंडभर स्तुती करतो ती कशामुळे आहे, हे विचारायला आपण तयार नाही. आणि ज्यामुळे आहे ते तोडले, फोडले, बुजवले जात असताना, तेही धर्माचे नाव घेऊन, आपण टाळ खाली ठेवून गप्प बसलो आहोत.

आधी हा मुलूख नीट पाहा. पाऊस सह्याद्री ओलांडून येतो आणि त्र्यंबक, इगतपुरी, पेठ, सुरगाणा या पट्ट्यात अक्षरशः कोसळतो. तिथे भात, नागली, वरई. त्र्यंबकाहून तीस किलोमीटर पूर्वेला नाशिक शहरात आलात की पाऊस निम्म्याहून कमी. सिन्नर-येवल्याकडे गेलात तर बाजरी पिकली तरी पुष्कळ म्हणायचे. निफाडची थंडी तर महाराष्ट्रभर बातम्यांत गाजते. पाहुण्याला ती गुलाबी वाटते, द्राक्षवाल्याला विचारा. पारा फार उतरला की मणी तडकतात, म्हणून बिचारा पहाटे उठून बागेत शेकोट्या पेटवतो. त्यातून वाचले तर अवकाळी गारपीट असतेच. तेव्हा नाशिकची हवा म्हणजे देवाने कायमची लिहून दिलेली सनद नव्हे. तो एक नाजूक तोल आहे, आणि त्याचा काटा पश्चिमेच्या डोंगरात आहे.

तो डोंगर काळ्या कातळाचा. कातळ पाणी फारसे पीत नाही. पाणी पिते ती त्याच्यावरची माती, आणि मातीला धरून ठेवतात ती झाडांची मुळे. मुरलेले पाणी कातळाच्या थरांमधून, भेगांतून, मुरमातून हळूहळू उतरते आणि पायथ्याला झरा होऊन निघते. झाड गेले की माती गेली, माती गेली की पाऊस पडला तसा वाहून गेला. म्हणून तर असे दिसते की ज्या त्र्यंबक तालुक्यात आषाढ-श्रावणात अंगावरचे घोंगडे वाळत नाही, त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर वैशाखात आयाबाया विहिरीच्या तळाशी उतरून वाटीवाटीने हंडा भरतात. पावसाची कमतरता तिथे नाही. पाणी धरून ठेवणारे हात आपण तोडले आहेत.

आता हा डोंगर वारकऱ्याचा कोण लागतो ते सांगतो, कारण पुष्कळांना त्र्यंबक म्हटले की फक्त ज्योतिर्लिंग आठवते. विठ्ठलपंत मुलांना घेऊन ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करीत होते, वाघ आडवा आला, सगळे पांगले, आणि निवृत्तिनाथ वाट चुकून एका गुहेत शिरले. तिथे गहिनीनाथ बसलेले. तिथला उपदेश निवृत्तिनाथांनी ज्ञानोबांना दिला, आणि पुढे काय झाले ते तुम्हाला मी सांगायला नको. म्हणजे गुरुपरंपरेचे हे पाणी आपल्यापर्यंत आले ते एका डोंगरातल्या रानातून. निवृत्तिनाथांची समाधीही तिथेच. त्याच डोंगरातून गोदावरी निघते. तिच्या काठी खाली आपेगाव, माउलींच्या घराण्याचे गाव. तिला मिळणाऱ्या प्रवरेच्या काठी नेवासे, जिथे शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी झाली. गोदेच्याच काठी पैठण, जिथे नाथमहाराजांनी गोदेच्याच पाण्यात देह ठेवला. इतर कोणाची असेल-नसेल, ही नदी आपल्या संप्रदायाची आई आहे. (आणि तरी नाशिकच्या धरणांतून नाथसागरात पाणी सोडायची वेळ आली की आम्ही नाशिककर "आमचे पाणी, आमचे पाणी" म्हणून ओरडतो. नाथांच्या गावाला पाणी द्यायचे तर हा आमचा आवाज! असो.)

त्या प्रदक्षिणेच्या वाटेवर आता वाघ नाही. बिबट्या आहे, पण तो शहरातल्या कॉलनीत भेटतो, कारण त्याच्या रानात यंत्रे शिरली. नाशिक-त्र्यंबक रस्त्याने जाताना सारूळच्या बाजूला मान वळवा. डोंगर कसे कापलेले दिसतात ते पाहा. ब्रह्मगिरीच्या पायथ्याशीसुद्धा खोदकाम झाले आणि लोकांना त्याविरुद्ध उभे राहावे लागले. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी लाखो माणसे ज्या डोंगराला प्रदक्षिणा घालतात, त्याच डोंगरांची खडी होऊन घरासमोर येते तेव्हा आपण डंपरवाल्याला भाव विचारतो. शेजारच्या अंजनेरीवर कंदीलपुष्पाची एक जात आहे, तिचे शास्त्रीय नावच अंजनेरीवरून पडलेले आहे. हनुमंताच्या जन्मस्थानाचा आपल्याला केवढा अभिमान, पण तिथे उगवणारे ते इवले फूल आपल्यापैकी कितीजणांनी पाहिले आहे?

शहरात येऊ. रामकुंड आणि आसपासची कुंडे ही नदीच्या पात्रातली, तळाशी झरे असलेली. सिंहस्थात स्नानाची सोय व्हावी म्हणून पात्रात काँक्रीट ओतले गेले. तळ गुळगुळीत झाला, पाय घसरेनासा झाला, आणि झऱ्यांची तोंडे बंद झाली. २०१६ च्या उन्हाळ्यात रामकुंड कोरडे पडले. दक्षिणगंगेच्या कुंडात टँकरने पाणी आणून ओतावे लागले, हे मी माहात्म्यात कोणत्या ओवीनंतर सांगू? त्याच वर्षी पावसाळ्यात नदीला असा पूर आला की दुतोंड्या मारुतीही बुडाला. आम्ही नाशिककर पूर मोजतो तो मारुतीच्या गुडघ्याला लागला, छातीला लागला असा. चार महिन्यांत टँकरही आणि पूरही! पाणी मुरायला जागाच ठेवली नाही तर असेच व्हायचे.

आता येतो तपोवनाकडे, ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. साधुग्रामासाठी तपोवनातली सुमारे अठराशे झाडे काढण्याचा बेत २०२५ च्या नोव्हेंबरात लोकांपुढे आला. नाशिककर रस्त्यावर आले, झाडांना कवटाळून उभे राहिले, प्रकरण हरित लवादापर्यंत गेले. तरुण मुले होती, कलावंत होते, म्हातारी माणसे होती. भगव्या पताका आणि टाळ मात्र मला हवे होते तितके दिसले नाहीत. उलट आपल्यातलेच काही भले लोक मला समजावू लागले. त्यांचा पूर्वपक्ष मी प्रामाणिकपणे मांडतो.

ते म्हणतात, महाराज, धर्मकार्य आहे. लाखो भाविक येणार, साधुसंत येणार, त्यांना जागा नको का? हवी ना! पण जागा हवी म्हणून झाड जायलाच हवे, हे कोणी ठरवले? आपल्या दिंड्या पहा. त्र्यंबकाहून ज्येष्ठात निघालेली निवृत्तिनाथांची पालखी सातपूर, नाशिक, पळसे, सिन्नर करीत पंढरीला जाते. मुक्कामाला आपले तंबू कोणाच्या आमराईत, कोणाच्या शेतात, चिंचेच्या बुंध्याला दोर बांधून पडतात. इतक्या वर्षांत तंबूसाठी कोणी झाड पाडल्याचे ऐकले आहे? उलट उतरताना आपण आधी सावली शोधतो. साधू तर रानातलाच माणूस. त्याच्या धुनीसाठी वन साफ करून सपाट मैदान द्यायचे, आणि त्या मैदानाला नाव मात्र तपोवन ठेवायचे. व्याकरण शिकलेल्या माणसाने सांगावे, त्या समासातले दुसरे पद काढल्यावर पहिल्याने कोणाचा हात धरायचा?

दुसरे म्हणतात, एका झाडाच्या बदल्यात दहा लावणार आहेत, बाहेरून मोठी रोपे आणणार आहेत. लावा, अवश्य लावा. पण घरातले आजोबा गेले आणि कोणी दहा पाळणे आणून ठेवले, तर आजोबांची जागा भरली असे आपण म्हणतो का? बाळे हवीतच. म्हणून आजोबांना घराबाहेर काढायचे कारण काय?

तिसरा पूर्वपक्ष आपल्या विद्वानांचा, आणि मला तोच जास्त टोचतो. ते म्हणतात, देह नाशवंत, सृष्टी नाशवंत, वारकऱ्याने नाम घ्यावे, झाडाझुडपात कशाला अडकावे? या बोलण्याला वेदान्ताचा वास आहे, पण त्याच्या पोटात आळस आहे. सृष्टी मिथ्या, तर डोक्यावर तुळस का वाहतो? चंद्रभागेच्या वाळवंटात लोटांगण का घालतो? सावतोबांना विठ्ठल कुठे भेटला, देवळात की भाजीच्या वाफ्यात? तुकोबांचा झाडांवरचा अभंग मी इथे लिहीत नाही. तो सगळ्यांना पाठ आहे, वनमहोत्सवाच्या फलकावर असतो, आणि दुखणे हेच आहे की पाठ असल्यामुळे कोणी त्याचा अर्थ करीत नाही.

नाथमहाराजांची गोष्ट मात्र सांगतो. काशीहून गंगेची कावड रामेश्वराला चाललेली. वाटेत तापलेल्या वाळूत एक गाढव पाण्यावाचून तडफडत होते. बरोबरचे लोक पाहत उभे राहिले. नाथांनी कावड त्याच्या मुखी रिकामी केली. रामेश्वराचा अभिषेक चुकला म्हणून नाथांचा धर्म बुडाला, असे म्हणणारा एकही वारकरी मला भेटलेला नाही. ही गोष्ट आपण कीर्तनात डोळ्यांत पाणी आणून सांगतो. मग तपोवनातल्या झाडाला, त्यावरच्या पाखराला, त्याखालच्या झऱ्याला तोच न्याय का लागू नये?

आणि वारकऱ्याने अशा भानगडीत पडू नये असे जे म्हणतात त्यांनी २००८ साल आठवावे. देहूजवळ, भंडारा आणि भामचंद्र डोंगरांच्या मुलखात, शिंदे-वासुली इथे डाऊ कंपनीचा प्रकल्प येत होता. वारकरी उभे राहिले, बंडातात्या कराडकरांसारखे कीर्तनकार पुढे झाले, आणि प्रकल्प तिथून गेला. तुकोबांच्या चिंतनाचा डोंगर आपला आणि निवृत्तिनाथांच्या अनुग्रहाचा डोंगर परक्याचा, असे कसे?

तुमच्या-माझ्याही पदरात थोडे टाकतो. पौषवारीला त्र्यंबकात दिंड्या येतात, नाथांचे दर्शन होते, आणि दुसऱ्या दिवशी कुशावर्ताच्या गल्ल्यांत, प्रदक्षिणेच्या वाटेवर पाण्याच्या बाटल्या आणि कागदी द्रोण वाऱ्याने उडत असतात. तेही ओढ्यातून गोदेलाच मिळते. पूर्वी ताटली आणि तांब्या पडशीत असायचा. तो परत पडशीत घालायला कोणाचा अध्यादेश लागत नाही.

विणेकरी, फडकरी, दिंडीप्रमुख यांना माझे मागणे एवढेच. येत्या ज्येष्ठी प्रस्थानाआधी प्रत्येक दिंडीने आपल्या नावानिशी कुंभमेळा प्राधिकरणाला एक पत्र लिहावे. साधुग्राम हवे, तपोवनातली उभी झाडे ठेवून हवे, रामकुंडाच्या तळाशी नवे काँक्रीट नको, ब्रह्मगिरीला सुरुंग नको. पत्रात अलंकार नकोत. खाली दिंडीचा क्रमांक, गाव आणि वारकऱ्यांच्या सह्या असाव्यात. ज्यांना सही येत नाही त्यांचा अंगठा चालतो. पालखी नाशिकात मुक्कामाला असेल त्या दिवशी ज्यांचे पाय अजून धडधाकट आहेत त्यांनी वाट वाकडी करून तपोवनात जावे, आणि हरिपाठ तिथल्या वडाखाली म्हणावा.